मधला तुकडा कुठून आला

त्या दुष्काळात चिकलठाण्याकडं नव्या इमारती उठतच होत्या आणि आमच्या कॉलनीत पाण्याच्या टाक्यांना कुलुपं लागली होती. टँकर येऊन गेला की शेजारी एकमेकांच्या पाइपकडं संशयानं बघायचे. मी विद्यापीठात ज्वारीच्या एका जनुकावर संशोधन करत होते. तिथंही तेच वारं.

पेशी जनुकाची जी आरएनए नक्कल वापरते, तिच्यावरून त्याची लांबी ठाऊक होती. पण मी पानातल्या डीएनएवरून प्रती काढल्या, तर तुकडा बराच मोठा आला. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगवेगळ्या पट्ट्यांत दाखवणारा थर म्हणजे जेल. माझ्या मार्गदर्शक सरांनी त्या जेलचा फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"पाणी कुठलं वापरलंस?"

"आपलंच, डिस्टिल्ड."

"टँकरच्याच पाण्याचं ना? काहीतरी मिसळलंय."

विकतचं शुद्ध पाणी आणून पुन्हा केलं. पट्टी तिथंच, तुकडा तेवढाच मोठा. मी म्हणाले, "सर, मध्ये इंट्रॉन असेल." म्हणजे जनुकाच्या मध्येच बसलेला तुकडा. पेशी तो नकलेतून कापून टाकते आणि उरलेलं जोडून घेते.

"इंट्रॉन म्हटलं की कुठलीही चूक झाकता येते," सर म्हणाले.

ते मला लई लागलं. त्याच पानातून आरएनए काढून त्यावरून प्रती केल्या. या खेपेला पट्टी हव्या त्याच लांबीची आली. सरांचा संशय मात्र संपला नाही, नुसता पुढं सरकला.

"मग हा आत घुसला कधी?"

खुलताबादला काकांच्या शेतात तूर कशीबशी तगून होती. तिची पानं बर्फात घालून आणली. तुरीच्या त्याच जनुकात, त्याच जागी तुकडा निघाला. आतली डीएनएची अक्षरं मात्र पार वेगळी.

"दोघींत वेगवेगळा घुसला असेल."

"नेमका त्याच दोन अक्षरांमध्ये, सर? ज्वारी आणि तूर वेगळ्या व्हायच्या आधीचा असणार."

"आणि त्याच्या आधी?"

ते मला ठामपणे सांगता येत नव्हतं. काहींच्या मते इंट्रॉन जीवसृष्टीच्या सुरुवातीपासून होते. बरेच जण म्हणतात, फार पूर्वी दुसऱ्या पेशीत कायमच्या राहायला आलेल्या जिवाणूनं नकलेतून स्वतःच स्वतःला कापून काढणारे तुकडे सोबत आणले, ते पसरले. मी दोन्ही सांगितलं.

"पाहुणा आला अन् घर बळकावलं, व्हय?"

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, इंट्रॉन मुळात आले कुठून. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मुळाबद्दल माझा कुणावरच विश्वास नाही. हिच्या तुरीवर आहे."

परीक्षक हसले. मला हसू आलं नाही. सर पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलले होते.