कानाचं मशीन आणि राईतला ओढा

भोसरीत कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून आमचा भटकंतीचा ग्रुपही गुरुवारीच निघतो. वर्कशॉपमधली माणसं, त्यांच्या बायका आणि एक भाड्याची मिनीबस. या खेपेला भीमाशंकरकडच्या डोंगरात जायचं होतं, एका ओढ्याच्या काठाकाठानं थेट उगमापर्यंत. मला मात्र उगमापेक्षा आमच्या ह्यांच्या खिशातल्या डबीची जास्त उत्सुकता होती.

डबीत कानाचं मशीन होतं. तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या फोर्जिंगच्या हॅमरशेजारी वर्षानुवर्षं उभं राहून ह्यांचे कान गेलेत. दुकानदारानं मशीन वापरून बघायला दिलं होतं. ठेवायचं की परत करायचं, हे उद्या सांगायचं होतं. ह्यांनी ते एकदोनदा घातलं आणि काढून ठेवलं. म्हणे, नुसता खडखडाट ऐकू येतो. भोसरीत दुसरं काय ऐकू येणार? अलीकडे चारचौघं हसले की हेही हसायचे, विनोद काय झाला ते न कळता. मला ते बघवत नसे. म्हणून मी अट घातली होती, "ओढ्यावर एकदा घाला, मग काय ते ठरवा."

चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकून आमचा निम्मा उत्साह तिथंच संपला. खेड मागे पडलं आणि कापणी झालेली भातखाचरं लागली. खिडकीतून पेंढ्याचा वास यायला लागला. शेवटच्या वाडीत सरूबाई वाट बघत उभ्या होत्या. वाट दाखवायला त्याच येणार होत्या.

पहिला टप्पा उघड्या माळाचा होता. मग ओढा झाडीत शिरला आणि सरूबाई थांबल्या.

"हितनं पुढं राई (देवीसाठी राखलेलं रान) हाय. मोठ्यानं बोलायचं न्हाई."

"का हो?" मी विचारलं.

"देवी निजलेली असती. आमी बी कुजबुजतच जातो, पार उगमापातूर."

"आपल्याला हळू बोलता येतं का राव?" गायकवाडभाऊंनी खणखणीत आवाजात विचारलं. ते प्रेसशॉपमधले आणि आमचे म्होरके. सगळे खदखदून हसले. सरूबाईंनी कपाळाला हात लावला.

खरंच येत नव्हतं. कुजबुजायचा प्रयत्न केला तरी आमचं बोलणं पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाईल असंच निघत होतं. शेवटी गायकवाडभाऊंनी हात वर केला. मूठ म्हणजे थांबा, तळहात खाली म्हणजे सावकाश. कारखान्यातल्या यंत्रांच्या आवाजात एकमेकांशी बोलायच्या त्या खुणा सगळ्यांना तोंडपाठ होत्या. मग आमची वरात मुकाट्यानं चालू लागली. सरूबाई वळून वळून आमच्या हातांकडे बघत होत्या.

तेवढ्यात ह्यांनी डबी काढली आणि मशीन कानात बसवलं.

"हे काय वाजतंय?" स्वतःचाच आवाज ऐकून हे दचकले. पुढचं वाक्य आपोआप हळू आलं. "पायाखाली?"

पाचोळा होता. मग पाखरू झालं, मग कुठला तरी किडा. प्रत्येक आवाजाला हे थांबत आणि भुवया उंचावून मला विचारत. निम्म्यांची नावं मलाही ठाऊक नव्हती. ओढ्याजवळ हे खाली बसले. "पाणी इथं दगडावर वेगळं वाजतंय बघ, अन् तिकडं मुळांखाली वेगळं." माझे कान शाबूत, पण माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

पुढे एक कोंड (खोल डोह) लागला. शेवाळावरून माझा पाय सटकला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात.

"अहोऽऽ!" मी घरात मारते तशी हाक मारली.

ह्यांनी कान झाकला, तोंड वाकडं केलं आणि मला ओढून बाहेर काढलं. "अगं, किती ओरडतेस! ऐकू आलं मला."

"देवी उठली आसंल आता," सरूबाई पुटपुटल्या, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

उगम म्हणजे एका शिळेखालून पाझरणारं ओंजळभर पाणी. परत राईबाहेर येऊन आम्ही भाकरी, पिठलं आणि ठेचा खाल्ला. गायकवाडभाऊंनी सुपरवायझरचा एक किस्सा सांगितला. हे हसले, आणि सगळ्यांच्या आधी हसले.

परतीला चाकणात ट्रकांचे हॉर्न सुरू झाले. ह्यांचा हात कानाकडे गेला. गेलं मशीन, मी मनात म्हटलं. पण ह्यांनी फक्त त्याचा आवाज कमी केला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातून ओरडले, "चहा टाकू काऽऽ?" हे दारात येऊन उभे राहिले.

"मशीन ठेवतोय मी. आता तू हळू बोलायला शीक."

इतकी वर्षं ओरडून ओरडून साधं बोलणंच मी विसरले होते. हळू काही बोलू म्हटलं, तर ते जमेना. मग मी गायकवाडभाऊंसारखा हात वर केला आणि अंगठा उंचावून होकार दिला.

"तसं नको," हे म्हणाले. "तोंडानं सांग. मला ऐकायचंय."