अजमल आमच्या छतावर परत आला तो दिवस

विट्याच्या आमच्या गल्लीत पाणी तापवायचा सोलर बसवावा तर अजमलनं. पण स्वस्तातला ठेकेदार आला आणि लोक तिकडं वळले. अजमलची सगळी आशा आमच्या नव्या घराच्या कामावर होती. माझ्या जयराजनं त्याला बोलावलं, कुठला पाइप टिकतो ते सगळं विचारून घेतलं आणि काम दिलं ठेकेदाराला. म्हणाला, "आई, पाणी तापल्याशी मतलब." घराला रंग लागेपर्यंत अजमलच्या दुकानाला कुलूप लागलं.

परवा ठेकेदाराचा माणूस सोलर बसवायला आला. छतावर जाऊन बघते तर अजमलच, त्याच्याकडं रोजंदारीवर लागलेला! साधा पातळ पाइप जोडत होता.

"आरं, कढत पाण्यानं वाकंल की रं ह्यो!"

"वाकंल, काकी. ठेकेदारानं ह्योच दिलाय."

"मग जयराजला सांग की."

"सांगितलं हुतं, काकी. तवाच."

जयराज शेजारीच उभा. लाजायचं सोडून खूश होऊन म्हणतो कसा, "अजमल, तू हायस म्हंजे काम झ्याक हुणार गड्या!"

अजमलनं पाइप आवळत वर न बघताच सांगितलं, "न्हाई दादा. तुमी जेवढ्याचं घेतलंय तेवढंच हुणार."