मी त्यांची भांडी कधी घासली नाहीत

"इसमें तो लिखा है, बर्तन-झाडूवाली." दवाखान्याच्या नोकरभरतीच्या खिडकीतून बाबूने माझी चिठ्ठी परत सरकवली. "आया का काम कभी किया है?" मागे रांगेतल्या बाया हसल्या.

केलं होतं. चार वर्षं. पोलादाच्या प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये, एका इंजिनियर साहेबांच्या आईचं. तिला लकवा. तिचं हगणं-मुतणं काढलं, घास भरवला, दिवसभर तिची कूस बदलत राहिले. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. आणि भांडी? आम्ही नागपूरकडचे, नुकतेच बौद्ध झालेलो. त्या आजीची जर्मनची वाटी सोडली, तर साहेबांच्या बाईंनी मला त्या घरच्या एका भांड्याला हात लावू दिला नव्हता. स्वयंपाकघराचा उंबरा बंद. आजीचं अंग तेवढं चालत होतं.

चिठ्ठी साहेबांनी इंग्रजीत लिहून दिली होती. मला वाचता येत नव्हती. छातीशी धरून नेली होती, तशीच परत घेऊन गेले.

"साहेब, खोटं कावून लिवलं?"

साहेबांनी पेपरातून मान वर केली नाही. बाईच बोलल्या, "खरं लिहिलं असतं तर तू गेली असतीस. एवढ्याशा पगारात दुसरी कोण येणार? तिकडे प्लांटवर माती वाहिली तरी बायांना जास्त मिळतं."

म्हणजे माझी किंमत त्यांना पुरती ठाऊक होती. म्हणूनच लिहिली नाही.

"मंग आजपासून तुमीच करा, बाई."

आतून आजीने हाक मारली. वाकड्या झालेल्या तोंडाने तिला माझंच नाव तेवढं नीट घेता यायचं. मी गेले नाही. त्याचं दुःख अजून आहे. पण गेले असते तर तिथेच मेले असते.

दुसऱ्या दिवसापासून प्लांटवर रेजा, म्हणजे मजूरबाई, म्हणून माती वाहिली. महिन्याभरात आजी गेली. पाठ सडली होती, असं त्यांच्या माळ्याने सांगितलं. दुसरी बाई मिळालीच नाही.

आता माझे गुडघे गेलेत. उद्या माझी कूस कोण बदलेल, माहीत नाही. तेवढ्या पगारात कोणी येणार नाही. येऊही नये.

परवा पोरीला एका बंगल्यावरून बोलावणं आलं, म्हाताऱ्याचं करायला. तिला म्हटलं, "काय काम हाय ते आधी लिवून घे. सोता वाच. नाई लिवलं, तर बुढा कितीबी हाका मारो, उंबरा चढू नको."