आप्पाच्या डोळ्यातलं पांढरं

परसूआप्पा कुणाच्याही घरी गेला की आधी रिमोट मागायचा. "पाणी ऱ्हाऊ दे, रिमोट कुठाय?" तोंडावर आम्ही सगळे त्याला अहो-जाहो करायचो. आता तो नाही, आणि इथे मी ते करणार नाही.

वडगावात त्यानं जन्मभर साडीचं सूत रंगवलं. धंदा बसल्यावर त्यानं खासबागेतल्या आमच्या गल्लीचे टीव्ही ताब्यात घेतले. कुणाच्या भिंतीवर नवा टीव्ही चढला की दुसऱ्या दिवशी हा हजर. खुर्ची पुढे ओढायची, बातम्या लावायच्या आणि निवेदिकेच्या मागची पांढरी भिंत त्याला पांढरी दिसेपर्यंत बटणं दाबत बसायचं. तासभर. घरच्यांनी चहा द्यायचा आणि कौतुक करायचं.

माझ्या वडिलांचे दोन माग. त्यांनी एकदा भीत भीत सुचवलं, की पांढऱ्या सुताची लड पडद्याला लावून बघूया. आप्पानं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "नमुना शिकाऊला लागतोय रं. पांढरं माझ्या डोळ्यात हाय."

त्याच्या डोळ्यातल्या पांढऱ्याची शिक्षा सगळी गल्ली भोगत होती. बातम्या देणाऱ्या बायका निळीच्या बादलीतून काढल्यासारख्या दिसायच्या, आणि क्रिकेटच्या मैदानावर कुणीतरी मोरचूद फवारलेलं असायचं. दिसत सगळ्यांना होतं, बोलत कुणी नव्हतं. मेंढरं बरी. मी बी.एस्सी. झालेली, पण मीही त्यांच्यातलीच.

मग मला निपाणीचं स्थळ आलं. मुलगा शाळेत गणित शिकवायचा. आम्ही दोनदा फोनवर बोललो होतो, आणि त्याचं मोकळं हसणं मला आवडलं होतं. लग्न करावं तर याच्याशी, असं मी आईला सांगूनही टाकलं होतं. स्थळ आप्पाच्या बहिणीच्या सासरचं. फोटो पाठवला, तर तिकडच्या म्हाताऱ्यांनी आप्पालाच विचारलं, फोटोतला रंग खरा आहे का म्हणून.

आप्पा आला. माझा फोटो त्यानं आमच्या टीव्हीवर लावायला सांगितला आणि मला टीव्हीशेजारी उभं केलं. "हनुवटी वर कर गं." मी केली. एकदा पडदा, एकदा मी, असं त्यानं पाच-सहा वेळा बघितलं. वडील जमिनीकडे बघत होते. मग आमच्यासमोरच त्यानं निपाणीला फोन लावला. "फोटोतला रंग पोरीवर न्हाय. पोरगी सावळी हाय, रंगात दोन बुचकळ्या जास्त झाल्यात." फोन खिशात ठेवून वडिलांना म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नगंस. रंगाच्या बाबतीत मी खोटं बोलत न्हाय."

स्थळ मोडलं. तो मुलगाही एका शब्दानं काही बोलला नाही, हेही इथे लिहून ठेवते.

त्यानंतर चारेक महिन्यांनी बहिणीनं आप्पाला ओढतच नेऊन दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले. डॉक्टर म्हणाले म्हणे, इतकी वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघत होतात. म्हणूनच पांढरं दिसायला त्याला एवढं निळं ओतावं लागायचं. पट्टी निघाल्यावर तो आमच्याकडे आला. "रिमोट कुठाय?" टीव्ही लावला आणि नुसता बघत राहिला.

"ह्यो एवढा निळा कुणी केला?"

"तुम्हीच केलात की आप्पा," आई म्हणाली.

"न्हाय. कंपनीचा मालच तसला," तो म्हणाला. लाज वाटायलाही थोडी अक्कल लागते. मग त्याची नजर माझ्यावर आली. चष्मा वर-खाली करून त्यानं मला निरखलं. "लई उजळ दिसायलीस की गं. निपाणीला परत फोन लावू काय? पोराचं अजून कुठं ठरलेलं न्हाय."

वडिलांनी मान वर केली. मी आप्पाच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि टीव्ही बंद केला. "नको आप्पा. तुमच्या डोळ्यावर मला लगीन करायचं न्हाय."

तो पाणी न पिताच गेला, आणि परत आमच्याकडे कधी आला नाही. गेल्या वर्षी वारला, तेव्हा मी दर्शनालाही गेले नाही. गल्लीला वाटतं, मी त्या दिवशी त्याला बरा धडा शिकवला. पण 'उजळ' हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला तेव्हा, उत्तर देण्याच्या आधी, मला आनंद झाला होता. आप्पाचा तिरस्कार मला जन्मभर पुरेल. त्या आनंदाचं काय करायचं, ते मात्र कळत नाही.