जितूदादाचं दोन तोंडांचं घड्याळ

बुद्धिबळातला मोठा खेळाडू गेला, डोक्याने जरा बिघडलेला होता, आणि त्याच्यावर डॉक्युमेंटरी चालू होती... एवढं वाचल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मला माहितीय. वीज कडाडतेय, मेणबत्ती विझतेय, पटावर राजा आडवा पडलाय आणि मुठीत चुरगळलेली चिठ्ठी. सॉरी, तसलं काही नाही. जितूदादा भर दुपारी गेला, दवाखान्यात, डेंग्यूने. आणि बातमी आली तेव्हा मी शिरढोणला एका हळदीच्या मांडवात माइक चेक करत बोकडाचा आवाज काढत होतो. मांडव घालणारी पोरं खिदळत होती. तेवढ्यात सुगंधाताईचा, म्हणजे दादाच्या बहिणीचा फोन. ती एवढंच म्हणाली, "निल्या, झेंडा पडला रे." मी "कधी?" म्हणालो. माइक चालूच होता. ते "कधी?" अख्ख्या मांडवात घुमलं आणि खांब बांधणारा एक जण खाली वाकून म्हणाला, "ही कोणाची नक्कल? जमली नाय हां."

झेंडा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण दादाची सगळी गोष्टच त्या झेंड्याखाली आहे. त्याच्याकडे एक जुनं लाकडी घड्याळ होतं, बुद्धिबळाच्या मॅचला ठेवतात तसलं. एका पेटीत दोन डायल, वर दोन बटणं, मागे चावी. आपली चाल झाली की आपलं बटण दाबायचं, मग आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं टिकटिकायला लागतं. वेळ संपत आली की काटा डायलवरचा छोटासा लाल झेंडा उचलतो, आणि संपली की तो टपकन पडतो. झेंडा पडला की खलास. पटावर तुम्ही कितीही जिंकत असा, डाव गेला. दादाने लोकांशी खेळणं कधीच सोडलं होतं, पण घड्याळ सोडलं नव्हतं. तो त्या घड्याळावर बोलायचा. म्हणजे तुम्ही त्याच्या घरी गेलात की मधे घड्याळ. तुम्ही बोला, बटण दाबा. मग तो विचार करणार, बोलणार, बटण दाबणार. मधे तोंड घातलेलं चालायचं नाही. गॅसवाला आला तरी हीच पद्धत. एकदा मतं मागायला आलेला एक उमेदवार बोलतच सुटला, बटण दाबेचना, शेवटी त्याचा झेंडा पडला आणि दादाने शांतपणे हात पुढे केला... "तुम्ही हरलात."

मी नकला करतो. गणपती, हळद, बारसं, पनवेलमधे कुठेही बोलवा. एसटी स्टँडवरचा अनाउन्सर, आमचे हेडमास्तर, मच्छी मार्केटमधलं भांडण दोन्ही बाजूंनी एकट्याने. तसाच एकदा आमच्या कोळीवाड्यात देवळाच्या पारावर बसून मी जितूदादाची नक्कल करत होतो. सगळे त्याला घाबरायचे, म्हणून नक्कल जास्त चालायची. तो वाक्याच्या मधेच थांबायचा, तुम्हाला वाटायचं संपलं, आणि मग शेवटचा शब्द खाली ठेवल्यासारखा ठेवायचा. हा माणूस शाळेत असताना राज्यात पहिला आला होता, मग देशात, मग परदेशात मोठमोठ्यांना हरवून आला होता. मासळी विकणाऱ्या बाईचा पोरगा म्हणून वाड्याने मिरवणूक काढली होती. आणि मग एका स्पर्धेत, जिंकत असलेला डाव तसाच टाकून, तो खुर्चीतून उठला आणि निघून आला. का उठला ते कोणालाच सांगितलं नाही. त्यानंतर वरच्या मजल्याच्या खोलीत.

तर माझी नक्कल रंगात आली आणि वरून, त्याच आवाजात, "वर... ये." पोरं पळाली. मला वाटलं आज आपला भुगा. वर गेलो तर दारात काकी, म्हणजे दादाची आई, सुक्या बोंबलांची पाटी घेऊन. "ये ये," म्हणाली, "लय दात काढतास ना खाली? आता वर काढ." आत दादा खुर्चीत, समोर पट, मधे घड्याळ. त्याने मारलं नाही. म्हणाला, "माझ्या आवाजात... बोल." मी म्हटलं, काय बोलू? "काय पण. तू खाली बोलत होतास... तेवढा वेळ तो गप होता." कोण तो? त्याने कानामागे बोट टेकवलं. "आतला."

परत निघालो तेव्हा सुगंधाताईने जिन्यात गाठलं. ती नर्सरीच्या पोरांना शिकवते, त्यामुळे तिला एकच गोष्ट सोपी करून सांगायची सवय. गोळ्या वेळेवर, झोप पुरेशी, आणि घरात गर्दी नको. "यातलं एक बिघडलं की तो आतल्याचं ऐकायला लागतो. मागच्या वेळी पळस्प्याच्या फाट्यावर सापडला, गाड्यांच्या मधोमध उभा. तेव्हा परत मिळाला, निल्या. दर वेळी मिळेलच असं नाय." 

मग मी रोज दुपारी जायला लागलो. मी दादाच्या आवाजात विचारायचो, "घोडा इकडे... का नेला?" आणि बटण. दादा दादाच्याच आवाजात उत्तर द्यायचा, आणि बटण. आत दोन जितूदादा गप्पा मारतायत आणि बाहेरून काकी ओरडतेय, "दोघांतला जो खरा असंल त्याने कप आनावं धुवायला!" खरा उठायचा नाही, मलाच जावं लागायचं. पण तो हसायचा. त्याचा रंग सुधारला, ताई म्हणाली. फक्त विमानं नवीन विमानतळाकडे खाली उतरायला लागली की तो पटावर टॉवेल टाकायचा. म्हणायचा, "वरून दिसतं... सगळं." मी पण दुसरं टोक धरून टॉवेल टाकायला मदत करायचो. चालायचं ते. एवढं तर आपण कोणासाठीही करतो.

मग रेवती मॅडम आल्या. मुंबईहून, डॉक्युमेंटरी करायला, बरोबर एक कॅमेरावाला. खलनायक शोधत असाल तर त्या नाहीत. फार चांगल्या बाई. पहिल्या दिवशी त्यांनी घड्याळावर बोलायचं निमूट शिकून घेतलं. पण कॅमेरा आला आणि दादा उजळला... तसं उजळणं मला आवडलं नाही. इस्त्रीचा शर्ट, दाढी, आणि बोलणं असं की थांबणंच नाही. लहानपणीचे डाव तो पट न बघता सांगायचा. वाड्यातली माणसं जिन्यात बसून ऐकायची, काकी सगळ्यांना चहा द्यायची, आणि "आपला जितू बरा झाला" असं जो तो म्हणायचा. मॅडमना त्याचे डोळे फार आवडायचे. मी त्या डोळ्यांच्या समोरच बसायचो. त्यात दिवसेंदिवस झोप दिसत नव्हती.

गोळ्या उशीच्या खोळीत सापडल्या. ताई रडली, ओरडली. दादाने तिचं सगळं ऐकून घेतलं, तिच्या वतीने बटणही दाबलं, आणि मग म्हणाला, "गोळी घेतली की पट... धूसर होतो. शूटिंग होऊ दे." ताईने मॅडमना सांगितलं, त्यांनी ताबडतोब काम थांबवलं. तर यानेच फोन करून त्यांना परत बोलावलं. त्यांना विचाराल तर त्या अजून म्हणतात, मी यायला नको होतं. पण त्याचा आवाज फोनवर इतका छान होता म्हणे... तेव्हापासून एक गोष्ट व्हायला लागली. बोलता बोलता दादाचा झेंडा पडायला लागला. आधी कधीच पडला नव्हता. मी बटण दाबायचो, त्याची बाजू टिकटिकायची, आणि तो माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत राहायचा. टप्. मग दचकून म्हणायचा, "कोण हरलं?"

एक दिवस मॅडमनी विचारलं, तो आतला काय बोलतो? अगदी हळू विचारलं, नको असेल तर राहू द्या म्हणाल्या. दादा म्हणाला, "निल्या बोलेल." आणि माझ्या कानात सांगितलं. मला वाटलं काहीतरी भयंकर असणार, शिव्या, शाप. तर फक्त एवढंच. 'सगळ्यांना कळलंय. ऊठ.' दिवसभर, वर्षानुवर्षं, तेवढंच. परदेशातल्या त्या डावात पण तेवढंच... आणि तेव्हा तो उठला होता.

कॅमेरा चालू. ताई दारात, मानेने नको नको म्हणतेय. ते वाक्य गंभीर आवाजात काढायची माझी छाती झाली नाही. मग मी मला जे येतं ते केलं. एसटी स्टँडच्या अनाउन्सरचा आवाज लावला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! सगळ्यांना कळलेलं आहे. कोळीवाड्याचे जितेंद्र, आपण जिथे असाल तिथून उठावे. गाडी फलाटावर लागलेली आहे!" कॅमेरावाला हसून हलला, मॅडमनी तोंडावर ओढणी धरली, ताईसुद्धा हसली. आणि दादा... मी त्याला तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, पोट धरून. मी ऐटीत बटण दाबलं. त्याची बाजू सुरू झाली. हळूहळू सगळ्यांचं हसू संपलं. त्याचंही संपलं. तो माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होता. बराच वेळ टिकटिक. टप्. झेंडा पडला आणि मग तो म्हणाला, "निल्या... तो नाही हसला."

दुसऱ्या दिवसापासून त्याने मला त्याच्या आवाजात बोलू दिलं नाही. म्हणाला, आता तुझ्या तोंडून तोच बोलेल. मी माझ्या आवाजात बोलायला गेलो तर मला काही सुचेचना. नुसते बसायचो दोघं. शूटिंग बंद झालं, गर्दी गेली, ताई गोळ्या हातावर ठेवून गिळेपर्यंत उभी राहायची. आम्हाला वाटत होतं, येईल परत. पण तो खुर्चीतून उठेना. जेवण खुर्चीत, झोप खुर्चीत. संडासला नेताना दोघांनी धरून खेचावं लागायचं, आणि तेव्हा तो असा ओरडायचा की खाली पारावर बसलेली माणसं उठून घरी जायची.

त्याच दिवसांत वाड्यात डेंग्यूची साथ. दादाला ताप भरला. डॉक्टर घरी आले, म्हणाले आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा. दादा म्हणाला, "नाही." अंग भाजत होतं, पण आवाज शांत. ताईने हात जोडले, काकीने शिव्या घातल्या. तो मलाच सांगत होता, कारण मला नियम माहीत होता. "तो मला ऊठ म्हणतोय निल्या. एकदा उठलो होतो. आता उठलो तर डाव... त्याचा."

डोकं लढवायला दुसरा दिवस उजाडला, कारण माझं डोकं त्याच्यासारखं नाही. मग म्हटलं, "दादा, उठू नकोस. तुला खुर्चीसकट नेतो." त्याने विचार केला. पहिल्यांदाच किती दिवसांनी, झेंडा पडायच्या आत बटण दाबलं. "हे... चालेल." वाड्यातल्या होडीवाल्या चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली. जिन्यातून, पारावरून, टेम्पोपर्यंत. लोक दारात आले. एका म्हातारीला वाटलं परत मिरवणूक आहे, तिने हात जोडले. दादाने पण तिला नमस्कार केला. मी मागून घड्याळ घेऊन चाललो होतो. दवाखान्यात म्हणाले, उशीर झालाय. दोन दिवस लढले डॉक्टर. मी तिसऱ्या दिवशी शिरढोणला गेलो, कारण हळदीची सुपारी आधीच घेतलेली होती आणि ताईच म्हणाली होती जा, आता बरा वाटतोय... तो उठला नाही, एवढं मात्र खरं. त्याने ऐकलं नाही आतल्याचं.

तेरावं झाल्यावर मॅडम आल्या. खूप रडल्या. मग म्हणाल्या, फिल्म पूर्ण करायचीय. एका ठिकाणी दादा खिडकीत उभा राहून बरंच काही बोललाय, पण वरून विमान गेल्यामुळे एक शब्द ऐकू येत नाही. नुसते ओठ दिसतात. "निलेश, तू... त्याच्या आवाजात?" ताई माझ्याकडे बघायला लागली. काकी खाली बसून सुपात सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती, तिने मान वर केली नाही. खोली होती तशीच. पट, टॉवेल, परत आणलेली खुर्ची. मी माझ्या नेहमीच्या जागी बसलो होतो. मधे घड्याळ. दादा सकाळी उठल्या उठल्या त्याला चावी द्यायचा, ती आता काकी देते.

मी म्हटलं, "नाही मॅडम. मला येतो त्याचा आवाज. पण तो काय बोलत होता ते मला माहीत नाही. ते त्याचं त्यालाच राहू दे." आणि बोलून संपलं, तसा सवयीने हात पुढे गेला आणि मी बटण दाबलं.

समोरची बाजू सुरू झाली. रिकाम्या खुर्चीची. टिकटिक, टिकटिक... मॅडम दचकल्या. ताईने पदर तोंडात धरला. मी घाबरून घड्याळ बंद करायला हात लांबवला, तशी काकीने सोड्यांचं सूप आपटलं.

"हात मागं घे, मेल्या! एवढा वरीस बसलास त्याच्यासमोर, शिकलास काय? नकलाच? आपली चाल केलीस ना, मंग गप बस. आता त्याची चाल हाय. ए बाय, तू पन बस, रडू नको, त्याला इचार करू दे. झेंडा पडंल तवा पडंल. तवर हितून कोनी उठायचा नाय!"