डॅशबोर्डवरची रिकामी जागा

पोलीस ठाण्यात येणारा माणूस बहुतेक वेळा "साहेब, मी काही केलं नाही" असंच म्हणत येतो. "मीच केलं, लिहून घ्या" असं म्हणणारा मला उभ्या नोकरीत एकच भेटला, आणि त्याचा चेहरा निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. नावं मी घेणार नाही. ती माणसं हयात आहेत, त्यांना सुखानं जगू द्यावं.

तेव्हा मी पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. भर दुपारी खबर आली की पूर्व द्रुतगती मार्गावर, विक्रोळीजवळ, एक पांढरी गाडी दुभाजकावर आदळली आहे. भांडुपला राहणारा एक तरुण आईचं डायलिसिस करून तिला घाटकोपरहून घरी नेत होता. आई जागीच गेली. मुलाचा हात मोडला. एअरबॅग उघडल्याच नव्हत्या. निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा, त्या वेळच्या कलम ३०४-अ चा गुन्हा मुलावरच दाखल झाला. तशी पद्धतच आहे. चाक ज्याच्या हाती, गुन्हा त्याच्या माथी.

अंत्यविधी उरकून तो ठाण्यात आला आणि गळ्यातल्या झोळीतला हात सावरत बाकावर बसला. त्याच्या मागोमाग त्याची बहीण आली, विक्रोळीला दिलेली. ती त्याच्या शेजारी बसली नाही. समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

मी जबाब घ्यायला सुरुवात केली तर हा म्हणतो, "साहेब, पुलावर गाडी एकदम मेली. स्टेअरिंग दगडासारखं झालं. पण चूक माझीच आहे. हॉर्न मी बाहेर बसवला होता."

"हॉर्नचा काय संबंध?"

मग सगळं बाहेर आलं. आईला रिक्षाचे हादरे सोसत नव्हते म्हणून त्यानं अंधेरीच्या एका मोठ्या शोरूममधून जुनी गाडी घेतली होती. 'सर्टिफाइड'. काचेवर सोनेरी स्टिकर, वर्षाची वॉरंटी, हार घालून, नारळ फोडून चावी हातात दिलेली. महिन्याभरात गाडी चालता चालता बंद पडायला लागली. तो शोरूमला गेला. एकदा त्यांनी बॅटरीची तार घट्ट केली. पुढच्या वेळी बॉनेट उघडलं आणि नवा हॉर्न पाहून सांगितलं, "वायरिंगला बाहेरचा हात लागलाय. वॉरंटी खलास." यानं वाद घातला, फेऱ्या मारल्या, ग्राहक मंचाची धमकी दिली. ते हसले. आणि आता आई गेल्यावर त्याला त्यांचंच म्हणणं पटलं होतं.

भिंतीपाशी उभी असलेली बहीण इतकंच म्हणाली, "आईनं नको सांगितला होता तो हॉर्न. ह्याला कोण सांगणार? साहेब, ह्यानं आता माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही."

तो मान खाली घालून ऐकत होता. खरं सांगतो, मला त्या पोराची भीती वाटली. तुरुंगाला घाबरणारा माणूस परवडला. ज्याला शिक्षा हवीच आहे, तो घरी जाऊन काय करून घेईल याचा नेम नसतो. मी भांडुपच्या एका ओळखीच्या हवालदाराला त्याच्या घरावरून रोज एक फेरी मारायला सांगितलं.

शोरूमचा मालक बोलावल्यावर लगेच आला. असे लोक लगेच येतात. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. म्हणाला, "साहेब, वाईट झालं. पण अट साफ आहे. बाहेर काम केलं की आमची जबाबदारी संपते. गाडी आमच्याकडून टकाटक गेली होती."

"सर्टिफिकेट कोण देतं?"

"आमचीच टीम तपासते ना."

म्हणजे विकणाराही हाच आणि तपासणाराही हाच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! आपण मात्र ते सोनेरी स्टिकर बघून सरकारी शिक्का असल्यासारखे भुलतो. मोटार वाहन निरीक्षकांनी रिवाजाप्रमाणे ब्रेक आणि टायर तपासून दोष नाही असं कळवलं होतं. आता वायरिंग उघडून त्यात दोष सापडला असता, तरी मालकाचं उत्तर तयार होतं: हॉर्न. त्या एका हॉर्नच्या आड तो पार सुरक्षित बसला होता. गाडी विकण्याआधीच बिघडलेली होती, हे सिद्ध करणं भाग होतं.

खबर मिळाली ती आमच्या टोचनवाल्याकडून, म्हणजे अपघाताच्या गाड्या ओढून नेणाऱ्या क्रेनच्या चालकाकडून. आवारातली गाडी हलवायला आला होता. मागच्या काचेवरचं स्टिकर बघून म्हणाला, "ह्यांचा माल होय? साहेब, ह्यांच्या गाड्या पावसाळ्यात मी विक्रोळीला खाडीकडच्या गॅरेजात नेऊन टाकायचो. सगळ्या बंद गाड्या. शोरूमवाला बंद गाडी घेऊन करणार काय, लोणचं?"

मी गाडीच्या आधीच्या मालकाचा पत्ता काढला. मुलुंडमधलं घर, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या बायकोनं चहा दिला आणि ती आत गेली. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "एकहाती गाडी होती. जपून वापरली. पाणी? छे! पाणीबिणी कधी लागलं नाही." मी पाण्याचा विषय काढलाच नव्हता. मनात म्हटलं, बुवा, इथेच काहीतरी पाणी मुरतंय. पण संशय कोर्टात चालत नाही. विम्याचा दावाही नव्हता. त्यांच्या विम्याची मुदत आधीच संपलेली होती.

परत येऊन मी गाडीत पुन्हा बसलो. पहिल्या पंचनाम्याच्या वेळी एक गोष्ट पाहिली होती, पण तिचा अर्थ लागला नव्हता. डॅशबोर्डवर मधोमध पिंपळपानाच्या आकाराचा फिकट डाग होता. तिथे कधीतरी काहीतरी चिकटवलेलं असणार. या कुटुंबाचा छोटा गणपती मात्र एका बाजूला, कोपऱ्यात बसवलेला होता. मी बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "आईनं बसवला. दादा मध्ये ठेवत होता, तर आई म्हणाली, ती दुसऱ्याच्या देवाची जागा, आपलो बाजूक ठेव." एवढं बोलून तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि एक उपनिरीक्षक घेऊन मी खाडीकडच्या गॅरेजात गेलो. गॅरेज चकाचक होतं. जुनी सीट नाही, जुना गालिचा नाही, वायरचा तुकडा नाही. मिस्त्री पन्नाशीचा, गोडबोल्या. "आपल्याकडे फक्त पॉलिश होतं साहेब. बुडालेली गाडी? देवाशपथ, एकसुद्धा नाही."

मी चहा मागवला. घाईनं विचारलेल्या प्रश्नाला घाईचं खोटं मिळतं, हा माझा अनुभव. चहा पिता पिता नजर कोपऱ्यातल्या फळीवर गेली. वर लाल बल्ब, खाली देवांची दाटी. गणपती चार-पाच, एक देवी, एक छोटा क्रूस, काचेवर चिकटवायची ७८६ ची पट्टी. सगळे गाडीत ठेवायच्या मापाचे. समोर ताजं फूल आणि उदबत्ती.

"मिस्त्री, एवढे देव? भक्ती जोरात दिसते."

तो खुलला. "आपले नाहीत साहेब, गाड्यांतले आहेत. पोरं सांगतात, टाकू नका. अनंत चतुर्दशीला नेऊन विसर्जन करतो. क्रूस चर्चमध्ये देऊन येतो, पट्टी दर्ग्यात. बुडलेला असला तरी देव आहे ना. कचऱ्यात कसा टाकणार?"

"बुडलेला? कुठे बुडलेला?"

त्याच्या हातातला चहाचा ग्लास तिथेच थांबला. माझा उपनिरीक्षक माझ्याकडे बघत राहिला. सीट टाकली, गालिचे टाकले, वायरी टाकल्या. देव मात्र त्यांच्यातल्या कुणाच्याच हातून टाकला गेला नाही.

एका गणपतीची पितळी बैठक पिंपळपानाच्या आकाराची होती. पोकळ बैठकीत चिखल वाळून घट्ट झाला होता. सोंडेवर एक बारीक मोती चिकटवलेला. पंचांसमक्ष सगळ्या मूर्ती सील केल्या आणि ठाण्यात आणल्या. गाडीचं दार उघडून ती बैठक त्या फिकट डागावर ठेवली. जशीच्या तशी बसली.

तरीही ओळख पटवणं बाकी होतं. मुलुंडच्या जोडप्याला बोलावलं आणि पंचांसमोर सगळ्या मूर्ती टेबलावर मांडल्या. गृहस्थ म्हणाले, "यातलं काहीच आमचं नाही." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाई पुढे झाल्या.

"अगंबाई, हा आमचा! हा मोती माझ्या नथीतला. मी स्वतः लावला होता." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही म्हणालात, पार्किंगमध्ये छतापर्यंत पाणी होतं, गाडीत हात घालायला कोणी देत नाही, देव गेला म्हणून समज. मग हा इथे कसा?"

गृहस्थ खुर्चीत बसले. त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं की सोसायटीच्या तळघरात गाडी रात्रभर बुडून होती, शोरूमवाल्याला ते पुरतं माहीत होतं, आणि "कोणी विचारलं तर पाणी लागलं नाही एवढंच म्हणा" असं त्यानंच पढवलं होतं. "मला वाटलं, दुरुस्त करूनच विकतील. कुणाचं काय बिघडणार?" बाई त्यांच्याकडे बघेनात. मला विचारलं, "गाडीत कोण होतं?" मी सांगितलं. त्यांनी मूर्तीकडे नेलेला हात मागे घेतला.

मोटार वाहन निरीक्षकांनी आता सीटखालची वायरिंग फाडून पाहिली. जोडांवर हिरवा गंज आणि चिखल, एअरबॅगच्या पेटीतही तेच. हॉर्नची तार वेगळी होती, नवीकोरी. तिचा कशाशी काही संबंध नव्हता. मिस्त्रीनं तोंड उघडलं आणि शोरूमच्या मालकाला अटक झाली. खटला न्यायालयात आहे, त्यावर अधिक बोलत नाही. मुलावरचा गुन्हा काढून टाकण्याचा अहवाल मात्र आम्ही पाठवला आणि न्यायालयानं तो मान्य केला.

कोठडीत मी मिस्त्रीला एकदा विचारलं होतं, "अरे, देव टाकायला तुझा हात धजला नाही. मग त्याच गाडीत माणसं बसवायला कसा धजला?" तो म्हणाला, "साहेब, माणसं कोण बसणार, ते आम्हाला दिसत नव्हतं ना. देव समोर होता." उत्तर निर्लज्ज होतं, पण खोटं नव्हतं. फसवणुकीचे गुन्हे मी पुष्कळ पाहिले. फसवणारे सगळे राक्षस नसतात. ज्याचं नुकसान होणार तो डोळ्यांसमोर नसतो, एवढ्यावरच त्यांचं भागतं. मुलुंडच्या त्या सभ्य गृहस्थांचंही तसंच भागलं होतं.

अहवाल गेला त्या दिवशी मी बहीण-भावाला बोलावून घेतलं. तो पुन्हा त्याच बाकावर बसला, ती पुन्हा त्याच भिंतीशी. मी सगळं सावकाश सांगितलं. गाडी बुडालेली होती, गाडी मरणार हे ठरलेलं होतं, आज नाही तर उद्या. हॉर्नचा दोष नाही.

त्यानं मान वर केली. मग लहान मुलासारखं विचारलं, "म्हणजे साहेब, आईला मी नाही ना मारलं?"

"नाही रे बाबा. तू तिला हादरे बसू नयेत म्हणून गाडी घेतलीस."

तो ढसाढसा रडला. तोवर एकदाही रडला नव्हता, असं त्याच्या बहिणीनं मला नंतर सांगितलं. ठाणे अंमलदारानं मान वळवली. मीही उगाच टेबलावरचे कागद सारखे करत बसलो.

बहीण भिंत सोडून पुढे आली आणि त्याच्या शेजारी बसली. त्याच्या झोळीची गाठ सुटली होती, ती तिनं नीट बांधली. ठाण्यात इतके दिवस दोघं शहरातलं मराठी बोलत होती. त्या वेळी मात्र ती आईच्या बोलीत म्हणाली, "उठ दादा. घराक चल."