सिस्टरबाईंची तोंडी परीक्षा

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत सहाजणी लांबलचक टेबलापाशी उभ्या राहून चादरींच्या घड्या घालायच्या. त्यातल्या एकीला बाकीच्या सिस्टर म्हणत. चेष्टेने म्हणत, पण प्रेमाने. चादरीवरचा डाग बघून ती बिनचूक सांगायची, हा आयोडिनचा, हा रक्ताचा, आणि हा कुणीतरी चहा सांडून उशीखाली लपवलेला. सांगणारच की. गावी चौदा वर्षं तिने वॉर्ड सांभाळला होता. नवऱ्याला या परक्या मुलखात बसच्या डेपोत फिटरची नोकरी लागली, बिऱ्हाड इकडे आलं, आणि इथल्या साहेबलोकांनी तिचं सर्टिफिकेट उलटसुलट बघून परत तिच्याच हातात ठेवलं. आमच्या कॉलेजात वर्ष काढा, परीक्षा पास व्हा, मग वॉर्डात पाऊल टाका. परीक्षेला बसायची संधी दोनदाच. दुसऱ्यांदा नापास झालात तर जन्मभर चादरी.

पहिली संधी तिने घालवली होती.

आता ही बाई ढ होती असं कुणी समजू नका. अभ्यासक्रम तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी आला असता. घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच. इथे पेपर नव्हताच. एक टेबल, पलीकडे परीक्षकबाई, अलीकडे तुम्ही, आणि अर्धा तास नुसते प्रश्न. सिस्टरची सगळी उमर लेखी परीक्षेत गेलेली. शाळेतल्या बाईंनी डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली होती, की कोरी जागा सोडायची नाही. येत नसेल तरी काहीतरी लिही, अर्धा मार्क कुठे गेला नाही. त्या अर्ध्या अर्ध्या मार्कांवर ती चौथीपासून नर्सिंगपर्यंत पोचली होती. पुरवण्यांवर पुरवण्या जोडायची, दोरा कमी पडायचा.

तेच तिने इथे तोंडाने केलं. अर्धा तास अखंड बोलत सुटली. शेवटी परीक्षकबाईंनी विचारलं, एवढ्या वजनाच्या तान्ह्या बाळाला हे औषध किती द्याल? तिला नक्की आठवेना. पण गप्प बसायचं म्हणजे काय? तिने डोळ्याची पापणीही न लववता एक आकडा ठोकून दिला. परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे बाळ आता जिवंत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या आणि वही मिटली.

घरी येऊन सिस्टरने भांडी आपटली. बाकीची सगळी उत्तरं बरोबर, आणि एका आकड्यासाठी नापास? हा कुठला न्याय? शेवटी कॉलेजात शेजारच्या बाकावर बसणाऱ्या पोरीने, हिच्या निम्म्या वयाच्या, समजावून सांगितलं. "काकू, इथे ते प्रश्न अवघड करत नेतात. तुमचं ज्ञान कुठे संपतं ते त्यांना बघायचं असतं. तिथे पोचलात की माहीत नाही म्हणायचं. आम्ही सगळेच म्हणतो."

परीक्षकाच्या तोंडावर, माहीत नाही? सिस्टरला वाटलं, त्यापेक्षा मी भर चौकात तोंडाला काळं फासून उभी राहीन.

पण तिला वॉर्डात जायचं होतं. तळघरात लिफ्टचं दार उघडलं की वरून वॉर्डाचा तो औषधाचा वास खाली यायचा आणि तिचा जीव कासावीस व्हायचा. तिने पदर खोचला. दोन महिने हातात होते.

संध्याकाळी नवरा हातांचं ग्रीस धुऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. "विचार मला काहीही," ती म्हणाली.

"क्लच प्लेट कधी बदलायची?"

"घासली गेली की. म्हणजे साधारण सहा महिन्यांनी, किंवा आवाज यायला लागला की. बदलताना आधी तेल काढून घ्यायचं, मग..." ती चांगली दोन मिनिटं बोलली. तो हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहिला.

"छान. गेली बस दरीत," तो म्हणाला. "अगं, तुला बसमधलं काय कळतं?"

"काही नाही."

"मग तेवढंच म्हण ना."

आणि खरंच सांगते, माहीत नाही हे दोन शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडेनात. नवऱ्यासमोर, स्वतःच्या घरात! पहिला आठवडा ती म्हणायची, "माहीत नाही, पण मला वाटतं..." आणि तो म्हणायचा, "पण नको." लाँड्रीतही बातमी फुटली. घड्या घालता घालता मुकादमबाई विचारायच्या, "सिस्टर, माझ्या सासूच्या मनात काय चाललंय?"

"माहीत नाही."

"पास. ते कुणालाच माहीत नाही."

परीक्षेच्या दिवशी टेबलापलीकडे त्याच बाई. वीस मिनिटं सिस्टरने विचारलं तेवढंच सांगितलं. मग पुन्हा तान्हं बाळ निघालं, औषध या वेळी दुसरं. औषध तिच्या ओळखीचं होतं. डोक्यात दोन आकडे होते, त्यातला एक बरोबर होता. ठोकून दिला तर अर्धी बाजी आपलीच. जीभ वळवळली. तिने दात घट्ट आवळले.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि पुढे ‘पण’ लावला नाही.

"मग बाळाला काय देणार?"

"काही नाही. डॉक्टरांना विचारीन. ते नसतील तर पुस्तक काढीन. आकडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय सुई भरणार नाही."

परीक्षकबाईंनी काहीतरी लिहिलं. "गेल्या वेळी आकडा का सांगितलात?"

"लाज वाटली म्हणून." इथे थांबायचं होतं. पण हे तिला आता पोटात ठेववेना. "गावी वॉर्डातही मी असे अंदाजाने आकडे सांगितले, बाई. कामाची घाई असायची, नवे डॉक्टर मला विचारायचे. मी सांगायची."

आपण आपल्याच हाताने कुऱ्हाड मारून घेतली हे तिला बोलता बोलताच कळलं.

"सगळे बरोबर निघाले?"

निघाले, निघालेच असणार, नाहीतर कुणी बोललं नसतं का, हे सगळं तिच्या ओठांवर आलं. चौदा वर्षांतल्या खाटा एकेक करून डोळ्यांपुढून गेल्या. काही लवकर रिकाम्या झाल्या होत्या.

"माहीत नाही," ती म्हणाली. नवऱ्याने घोटून घेतलेलं हे नव्हतं.

परीक्षकबाईंनी कागदावर सही केली आणि तो तिच्यासमोर सरकवला.

"सोमवारी सकाळी सात वाजता या," त्या म्हणाल्या. "लहान मुलांच्या वॉर्डात."